जोडी मॅच्ड, मग करंट वेगळा का?

नमस्कार मंडळी! हे ॲम्पमधले, म्हणजे ॲम्प्लिफायरमधले, दोन ईएल३४ व्हॉल्व्ह, सिग्नल मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या. खोक्यावर 'मॅच्ड पेअर'चं, म्हणजे सारखा करंट घेणाऱ्या जोडीचं, स्टिकर, दोघांवर आकडा ३६. आता हा मीटर बघा. उजवा ३१ मिलिॲम्पिअर, डावा ४२. लगेच दुकानदाराशी भांडायला निघू नका.

मुळात जोडी लागते कशाला? पुश-पुल ॲम्पमध्ये, म्हणजे जिथे दोन व्हॉल्व्ह काम वाटून घेतात तिथे, दोन व्हॉल्व्हचे करंट आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपपासून उलट दिशांना जातात. सारखे असले, की कोअरमधलं (ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यातलं) त्यांचं चुंबकत्व एकमेकांना मारतं. या कोअरमध्ये हवेची फट नसते, म्हणून शिल्लक राहिलेला थोडासा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंटसुद्धा, कोअरला जड जातो. मार बसतो खर्जाला. डग्गा घुमायचा तिथे नुसता भद्दा वाजतो, वर हम, म्हणजे सततची गुणगुणही वाढते. सिंगल-एंडेडवाले, म्हणजे जोडीशिवाय एकाच व्हॉल्व्हवर चालवणारे, नशीबवान, त्यांच्या ट्रान्सफॉर्मरला फट असते. काही गिटारवाले तर मुद्दाम थोडी बेजोड जोडी लावतात. त्यांची आवड!

स्टिकरवरचा ३६ म्हणजे काय, तर टेस्टरवर ठरावीक प्लेट व्होल्टेज आणि ठरावीक बायस (व्हॉल्व्हमधल्या ग्रिड नावाच्या जाळीवरचं, करंटला आवर घालणारं व्होल्टेज) देऊन मोजलेला करंट. तुमच्या ॲम्पमधलं व्होल्टेज वेगळं, म्हणजे आकडाही वेगळा येणारच. पण दोघांचा सारखाच बदलायला हवा. एकट्याचा का बदलला?

मोजायचं कसं ते सांगतो. प्रत्येक व्हॉल्व्हचा कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) आणि ग्राउंड यांमध्ये १ ओहमचा रेझिस्टर. त्याच्यावर १ मिलिव्होल्ट दिसला, की १ मिलिॲम्पिअर. यात स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचा) थोडा करंट मिसळलेला असतो, तुलनेला तेवढं चालतं. आत ४०० व्होल्टच्या वर आहेत आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. सवय नसेल तर झाकण उघडूच नका. मी एक हात खिशात ठेवूनच मीटर लावतो.

नवी जोडी घ्यायच्या आधी एक फुकटचं काम करा. ॲम्प बंद करून थंड होऊ द्या, मग दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल करा. अर्धा तास तापवून परत मोजा. ४२ व्हॉल्व्हबरोबर पलीकडे गेला, तर दोष व्हॉल्व्हचा. त्याच सॉकेटवर राहिला, तर दोष ॲम्पचा.

मी मघाशीच अदलाबदल करून ठेवली होती. हे बघा, डाव्या सॉकेटवर अजूनही ४२! म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष सुटले. माझा संशय या कपलिंग कपॅसिटरवर आहे, म्हणजे डीसी अडवून फक्त सिग्नल ग्रिडकडे सोडणाऱ्या कपॅसिटरवर. तो गळायला लागला, की ग्रिडवर डीसी चढतो आणि करंट वाढतो. चला, सोल्डरिंग आयर्न तापवतो.