'आलोच' मधला 'च' आणि इंग्रजीतला 'जस्ट'

मंडळी, एका वहीतल्या वाक्यापासून सुरुवात करतो. नर्सिंग पूर्ण करून परदेशी नोकरीसाठी मुलाखतीची तयारी करणारी एक मुलगी माझ्याकडे शिकायला येते. तिने लिहून आणलं होतं, 'आय डोन्ट जस्ट लाइक नाइट ड्यूटी.' तिला म्हणायचं होतं, 'नाइट ड्यूटी मला आवडतच नाही.' पण इंग्रजी कानाला या वाक्याचा अर्थ लागतो, 'नाइट ड्यूटी मला नुसती आवडत नाही, तर...' आणि तो कान पुढे काय येतंय याची वाट बघत राहतो. म्हणजे फारच आवडते की काय! एक शब्द एक घर पुढे सरकला आणि नकाराचा होकार झाला. तिला हवं होतं ते 'आय जस्ट डोन्ट लाइक नाइट ड्यूटी.'

ही चूक निष्काळजीपणाची नाही, म्हणूनच मला ती महत्त्वाची वाटते. 'आवडतच नाही' मध्ये 'च' कुठे बसलाय बघा. 'आवडत' आणि 'नाही' यांच्या मधोमध. तिने 'जस्ट' नेमका तिथेच नेऊन बसवला. तिचं मराठी पक्कं आहे, म्हणून ही चूक झाली. आपला 'च' शब्दाच्या पाठीला चिकटतो आणि 'जस्ट' शब्दाच्या पुढे उभा राहतो. ज्यावर जोर द्यायचा, त्याच्या आधी. जोर सबंध नकारावर असेल तर 'डोन्ट' च्याही आधी.

शाळेत आपण शुद्ध शब्दयोगी अव्ययं पाठ केली होती: च, ही, सुद्धा, देखील, मात्र. पाठ केली आणि परीक्षेनंतर विसरलो. पण दिवसभरात आपण 'च' किती वेळा वापरतो, मोजून बघा. 'जस्ट' शिकायला याच्याइतकं चांगलं भांडवल दुसरं नाही. तरी आपल्या शिकवण्यांमध्ये 'जस्ट म्हणजे फक्त' एवढं सांगून मोकळं होतात. मला ते अजिबात पटत नाही.

हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. विशेषण म्हणून त्याचा अर्थ न्याय्य, उचित. 'जस्टिस' त्याच घराण्यातला. क्रियाविशेषण झाल्यावर तो आधी 'नेमकं, तंतोतंत' या अर्थाने चालला. 'फक्त' हा अर्थ नंतरचा. म्हणून डोक्यात 'फक्त' न ठेवता 'नेमकं' ठेवा, बाकीचे अर्थ त्याच्या मागोमाग येतात. 'जस्ट राइट' म्हणजे चहात साखर अगदी बेताची. 'जस्ट लाइक हिज फादर' म्हणजे बापासारखाच.

आता प्लॅटफॉर्मवर उभे राहा. लोकल सुटतेय, तुम्ही धावत आलात, दांडी हाताला लागली आणि आत चढलात: 'आय जस्ट कॉट द ट्रेन.' जेमतेम मिळाली. दांडी हातातून निसटली: 'आय जस्ट मिस्ड इट.' थोडक्यात चुकली. मराठीत इथे दोन वेगळे शब्द लागतात, कारण आपण मिळण्याला 'जेमतेम' म्हणतो आणि चुकण्याला 'थोडक्यात'. इंग्रजीला फक्त अंतराशी देणंघेणं आहे, आणि अंतर दोन्हीकडे बोटभरच.

काळाचंही तसंच. 'आय हॅव जस्ट ईटन', नुकताच जेवलो. अमेरिकन माणूस 'आय जस्ट एट' म्हणतो. दोन्ही बरोबर, पण परीक्षा ब्रिटिश वळणाची असेल तर पहिलं लिहा. आणि इथे आपला एक खास सापळा आहे. आई हाक मारते, आपण आतल्या खोलीतून ओरडतो, 'आलोच!' अजून जागचे हललेलोही नसतो, तरी क्रियापद भूतकाळी. त्याचं 'आय जस्ट केम' केलंत, तर 'मी आत्ताच आलो' असा अर्थ होईल. 'आलोच' ला 'आय ॲम जस्ट कमिंग' म्हणा.

'जस्ट नाऊ' बद्दल थोडं सावध राहा. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये 'ही लेफ्ट जस्ट नाऊ' म्हणजे आत्ताच गेला. दक्षिण आफ्रिकेत मात्र 'आय विल डू इट जस्ट नाऊ' म्हणजे थोड्या वेळाने करतो. तिथल्या आफ्रिकान्स भाषेतल्या 'नेटनाऊ' या शब्दाची ती सावली आहे. तिथल्या साहेबाने 'जस्ट नाऊ' फोन करतो म्हटलं, तर फोनला चिकटून बसू नका.

एक अर्थ पुस्तकं कमी सांगतात, तो 'जरा' चा. 'कॅन आय जस्ट आस्क यू समथिंग?' जरा विचारू का? इथे 'जस्ट' चं 'फक्त' केलंत तर वाक्यातला आर्जव निघून जातो. वॉर्डात 'आय ॲम जस्ट गोइंग टू चेक युअर बीपी' असं म्हणणारी नर्स रुग्णाला धीर देत असते: जरा बीपी बघते हं. तो 'हं' सुद्धा त्या 'जस्ट' मध्ये आलाय. त्या मुलीला मी हे वाक्य दहा वेळा म्हणायला लावलं.

म्हणताना 'ज' कडे लक्ष द्या. 'जरा' मधला, 'जाळं' मधला 'ज' इथे चालत नाही. 'जन्म' मधला, 'जीव' मधला घ्या. पुढे व्यंजन आलं की 'ट' बोलण्यात बहुतेक गळतो: 'जस गोइंग', 'जस नाऊ'. लिहिताना तो असतो, कानाला मात्र क्वचित सापडतो. तेव्हा ऐकताना पूर्ण 'जस्ट' ची वाट बघू नका. चला, आता पाठीमागच्या रांगेपासून एकेकाने म्हणा: 'आय ॲम जस गोइंग टू चेक युअर बीपी.'