एकाच विजेची दोन माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यातल्या पेडण्याच्या जत्रांत दशावतार पाहत मी वाढले. मध्यरात्र उलटली की आम्ही पोरं गोधडीत पेंगायचो. मग राळेचा भडका उडायचा, राक्षस आरोळी ठोकत यायचा आणि झोप पार पळायची. ‘मिन्नल मुरली’ हा मल्याळम सुपरहिरो चित्रपट मला भावला, तोही त्यातल्या राक्षसामुळेच.

बेसिल जोसेफ दिग्दर्शित हा चित्रपट २४ डिसेंबर २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आला. गोष्टीतही नाताळच. गाव केरळातलं, पण देऊळ, चर्च, दारात लटकणारी नखेत्रं, म्हणजे नाताळचे चांदणीचे कंदील, पाहिली की आपल्याच वाड्यावर आल्यासारखं वाटतं. तिथे एकाच रात्री दोघांवर वीज पडते. एक जेसन, अमेरिकेची स्वप्नं पाहणारा शिंपी. दुसरा शिबू, चहाच्या दुकानात राबणारा, गावानं वेडा ठरवलेला. शक्ती दोघांना सारखीच मिळते.

शिबू बँक लुटतो, ती उषाच्या आजारी मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी. उषावर त्याचा जीव कित्येक वर्षांपासूनचा. ती अखेर होकार देते तेव्हा शिबू साकारणाऱ्या गुरू सोमसुंदरम यांचा चेहरा बघा. हसू फुटतंय, रडूही कोसळतंय, आणि त्याला दोन्ही आवरत नाही. हा माणूस पुढे गावावर उलटणार हे कळत असूनही मी त्याच्याच बाजूची झाले.

टोविनो थॉमसचा जेसनही गोड आहे. कॉमिक्स वाचणारा छोटा भाचा मामाच्या शक्तीची परीक्षा घेतो, ते प्रसंग घरगुती आणि खरे वाटतात.

पण अडीच तासांहून मोठा हा चित्रपट मध्ये रेंगाळतो. कराटे शिकवणारी बिजी इतकी दमदार, तिला मात्र पुरेसं कामच दिलेलं नाही. त्याचा मला रागच आला. आणि शेवट! इतक्या मायेनं उभा केलेला शिबू तिथे नुसता हरवायचा शत्रू उरतो. त्याला हिणवणाऱ्या गावाला जाब कुणीच विचारत नाही. मारामारी झकास बसवली आहे, तरी माझं मन तिथे लागेना.

हिंदीत डब केलेला मिळतो, पण शक्यतो मल्याळममध्येच, सबटायटल्स वाचत पाहा. उषासमोर शिबूचा आवाज कापतो, तो सोमसुंदरम यांच्याच गळ्यातून ऐकायला हवा.