टायबरपलीकडचे शेजारी

[दृश्य: टायबरचा काठ, दगडी कमान]

रोममध्ये पोन्ते पालातिनो या पुलाजवळ टायबर नदीच्या काठावर ही कमान दिसते. हे गटाराचं तोंड आहे. नाव भारदस्त, क्लोआका मॅक्सिमा. अर्थ मात्र साधा, सगळ्यात मोठं गटार. दिसते ती कमान नंतरची, पण कामाला हात लागला तो इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात.

तोवर रोम म्हणजे टेकड्यांवरच्या झोपड्या. पॅलाटाइन टेकडीवर त्यांच्या खांबांचे खड्डे आजही पाहायला मिळतात. मधल्या सखल भागात दलदल. तिचं पाणी नदीत काढून दिलं, भराव घातला, तेव्हा कुठे फोरमसाठी, म्हणजे शहराच्या मुख्य चौकासाठी, कोरडी जमीन मिळाली. परंपरा याचं श्रेय तार्क्विन राजांना देते. हे घराणं उत्तरेकडच्या तार्क्विनियाहून आलेलं. म्हणजे इत्रुस्कन, रोमच्या उत्तरेला टायबरपलीकडे राहणारे लोक.

[दृश्य: कॅपिटोलाइन टेकडी]

ज्युपिटरचं मोठं देऊळही त्यांच्याच काळातलं. आतली मूर्ती घडवायला वुल्का नावाचा कारागीर बोलावला, तोही इत्रुस्कन, जेमतेम 16 किलोमीटरवरच्या वेई गावचा. मूर्ती भाजलेल्या मातीची होती.

[दृश्य: शिलालेखावरचं अक्षर, जवळून]

आता हे अक्षर बघा, 'सी'. ग्रीकांकडे ते 'ग'साठी होतं. इत्रुस्कनांच्या बोलीत 'ग' नव्हताच, म्हणून त्यांनी ते 'क'साठी वापरलं. रोमनांनी लिपी त्यांच्याकडून उचलली आणि पंचाईत झाली: लॅटिनमध्ये तर 'क' आणि 'ग' दोन्ही! बरीच वर्षं एकाच अक्षरावर भागवलं. पुढे त्याला एक छोटी रेघ जोडून 'जी' तयार केलं. पण जुनी सवय सुटते थोडीच? गायस ज्युलियस सीझरमधला 'गायस' लिहिताना आद्याक्षर 'सी'च राहिलं.

[दृश्य: कांस्याचं यकृत]

हे मेंढीचं यकृत, कांस्याचं, तळहातावर मावेल एवढं. 1877 साली पियाचेंझाजवळ सापडलं. वर घरं आखून देवांची नावं कोरली आहेत. बळी दिलेल्या जनावराचं यकृत पाहून शकुन सांगायचा, त्यासाठीचा हा नकाशा असावा. अपशकुन झाला की रोमचं सिनेटसुद्धा इत्रुस्कन जाणकारांनाच विचारायचं.

याच रोमनांनी इसवी सनापूर्वी 396 मध्ये वेई जिंकलं. मग एकेक करून बाकीची शहरं गेली, हळूहळू भाषाही गेली. पुढे सम्राट क्लॉडियसने इत्रुस्कनांचा इतिहास लिहिला, चांगला वीस खंडांचा.

त्यातला एकही खंड आज हाती नाही.