१८ फुटी की २२ फुटी?

नमस्कार श्रोतेहो. घरच्यांना घेऊन फिरायला मोटारबोट घ्यायची ठरली की पहिला घोळ लांबीवरून होतो. १८ फुटी घ्यावी की २२ फुटी? फरक ४ फुटांचाच दिसतो. पण लांबीबरोबर रुंदी वाढते, खोली वाढते, आणि मोठी बोट आकारमानाने दीडपटीहून जास्त भरते. इंजिन, ट्रेलर, ओढणारी गाडी, सगळंच मग त्या मापाचं लागतं.

आधी माणसं मोजू. लांबी आणि रुंदी फुटांत घ्या, गुणाकाराला १५ ने भागा. १८ फूट लांब, ७ फूट रुंद बोटीत ८ माणसं येतात. हा ढोबळ हिशोब आहे. बोटीवर क्षमतेची पाटी असेल तर तोच आकडा खरा. आणि ती कमाल मर्यादा आहे, ऐसपैस बसण्याची नव्हे. पिशव्या, बर्फाची पेटी, नांगर, दोर आत आले की १८ फुटीत पाच जण सुखाने बसतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी कसं आहे. निवांत तलावात लहान बोट झकास चालते. दुपारी वारा सुटून जवळजवळच्या, उभ्या लाटा उठल्या की हलकी बोट प्रत्येक लाटेवर आपटते आणि पुढे बसलेल्या मुलांना दणके बसतात. मोठ्या बोटीचं वजन आणि खोल व्ही आकाराचा तळ लाट कापत जातो. लहान बोटीची कडा पाण्यापासून फार उंच नसते, हेही ध्यानात ठेवा. वेगात असताना थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, एकदम मागे ओढून थांबलात, तर आपल्याच बोटीची लाट मागून येऊन आत शिरते. वेग हळूहळू कमी करा, ही सवय घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला लावा.

बोट दर वेळी ट्रेलरवरून न्यायची असेल तर वजनाची बेरीज कागदावर करा: बोट, इंजिन, ट्रेलर, सामान आणि इंधन. १०० लिटर पेट्रोलचंच वजन सुमारे ७५ किलो होतं. ही बेरीज गाडीच्या ओढण्याच्या क्षमतेच्या आत, थोडी जागा राखून बसली पाहिजे. एकूण वजनाचा ५ ते १० टक्के भार गाडीच्या हुकवर यायला हवा. तो कमी पडला की ट्रेलर वेगात शेपटासारखा डुलू लागतो.

चाकांचं एक सांगते. लांबच्या प्रवासानंतर ट्रेलरच्या चाकांचे हब, म्हणजे मधले तुंबे, तापलेले असतात. बोट उतरवताना ते तसेच गार पाण्यात बुडवले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं, मग बेअरिंग जातं. हबवर हात सुखाने ठेवता येईपर्यंत थांबा. तेवढ्या वेळात तळाचं बूच घट्ट बसलंय का पाहा. ते विसरलं की बोट धक्क्यालाच पाणी भरू लागते.

इंधनाचं म्हणाल तर ११५ अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण ४० लिटर पितं, २०० चं ७० च्या आसपास. मध्यम वेगात खर्च निम्म्यावर येतो. टाकीचा एक भाग जायला, एक परतीला, एक राखीव.

आमचं मत स्पष्ट आहे. चार-पाच जण, शांत पाणी आणि दर वेळी ट्रेलर असेल तर १८ फुटीच घ्या. उतरवायला सोपी बोट जास्त वेळा पाण्यात जाते. सहा-सात जण, मोकळं वाऱ्याचं पाणी आणि बांधून ठेवायला कायमची जागा असेल तर २२ फुटी. तिला वारा जास्त ढकलतो, म्हणून धक्क्याला लावताना दोर धरायला दुसरं जाणतं माणूस हवंच.

पैसे देण्याआधी चाचणी मात्र अख्खं कुटुंब आणि भरलेली टाकी घेऊन करा, प्रत्येकाच्या अंगावर त्याच्या मापाचं लाईफ जॅकेट घालून. एकट्या विक्रेत्यासोबत प्रत्येक बोट चपळ वाटते. थ्रॉटल दिल्यावर काही सेकंदांत बोट पाण्यावर उचलली जाऊन सपाट पळायला हवी. पुढचं टोक बराच वेळ आभाळाकडेच राहिलं आणि चालवणाऱ्याला समोरचं दिसेना, तर त्या वजनाला ते इंजिन अपुरं आहे.