राजाला चालत जाऊन घेऊन आलेल्या बायका

नमस्कार मंडळी! आज फ्रेंच राज्यक्रांती. सनावळ्या घोकून घेणार नाहीये, काळजी नको. आपल्याकडे 'क्रांतीची कारणे लिहा' असा प्रश्न टाकून पोरांना इतिहासाचा जो कंटाळा आणलाय ना, त्याबद्दल पेपर काढणाऱ्यांना एकदा जाब विचारला पाहिजे, पण ते असो.

मुद्दा एकच आहे, तेवढा लक्षात ठेवा. नुसत्या भुकेने राजे पडत नाहीत, उपाशी माणसं सगळीकडे आणि कायमच होती. फ्रान्समध्ये झालं असं की सरकारची तिजोरी रिकामी झाली, आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी ती भरायला नकार दिला. इंग्लंडची जिरवायची म्हणून अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात कर्ज काढून पैसा ओतला, १७८८ पर्यंत सरकारचा जवळपास निम्मा खर्च त्या कर्जापायीच जायला लागला. जमिनीवरचा मुख्य कर सरदारांना माफ, धर्मगुरूंना माफ. शेतकऱ्याने मात्र तो भरायचा, वर चर्चला धान्याचा वाटा द्यायचा, वर मिठावरचा कर. (मिठाला हात लावायची बुद्धी सरकारांना का होते देव जाणे, आपल्याकडे १९३० साली काय झालं ते बघितलंच की.) १७८७ मध्ये अर्थमंत्री कालोन म्हणाला, जमीन असेल त्या सगळ्यांनी कर भरा. उमराव म्हणाले, जमणार नाही. म्हणजे परत सांगतो, कर्ज वरच्यांनी काढलं आणि फेडायचं खालच्यांनी.

त्यात १७८८ च्या जुलैत गारपीट, पीक गेलं, मग भयंकर थंडी. पॅरिसमध्ये चार पौंड वजनाचा पाव ८ सू ला (सू म्हणजे तिथलं तेव्हाचं नाणं) मिळायचा तो साडेचौदा सू वर गेला, आणि साध्या मजुराची दिवसाची कमाई वीस-तीस सू. घर चालवणाऱ्यांना पुढचा हिशोब सांगायची गरज नाही.

आता माझा आवडता किस्सा. बास्तीय, म्हणजे पॅरिसमधला तुरुंग केलेला किल्ला, लोकांच्या हाती पडून अडीच-पावणेतीन महिने झालेत, तरी पाव मिळत नाहीये. आणि तेवढ्यात बातमी येते की व्हर्सायला, म्हणजे पॅरिसबाहेर जिथे राजाचा राजवाडा होता तिथे, राजाच्या अंगरक्षकांनी पलटणीला जंगी मेजवानी दिली. झालं! ५ ऑक्टोबर १७८९, सोमवार, सकाळी बाजारातल्या बायका, त्यात मासे विकणाऱ्या कोळणी पुढे, ढोल बडवत नगरभवनात घुसल्या, शस्त्रं उचलली, तोफा ओढत बाहेर काढल्या आणि निघाल्या व्हर्सायला, वीसेक किलोमीटर, भर पावसात, चिखलात, हजारो जणी. (कोळणीशी घासाघीस केलेल्या माणसाला यात काही नवल वाटायचं नाही.)

राजा कुठे? शिकारीला! सोळाव्या लुईची रोजनिशी आहे, त्यात त्या दिवशी ८१ शिकार केल्याची नोंद आहे आणि पुढे लिहिलंय, घडामोडींमुळे व्यत्यय आला. व्यत्यय म्हणे!

बायका भिजलेल्या कपड्यांनिशी थेट राष्ट्रसभेच्या (लोकप्रतिनिधींची सभा, ती तेव्हा व्हर्सायलाच भरायची) बाकांवर जाऊन बसल्या. त्यांच्यातल्या काही जणींना राजाकडे नेलं, बोलायला पुढे केलेली पोरगी जेमतेम १७ वर्षांची, ती 'पाव' एवढंच म्हणाली आणि चक्कर येऊन पडली. राजाने तिची विचारपूस केली, धान्य पाठवतो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे जमाव राजवाड्यात शिरला, दोन पहारेकरी मारले गेले, राणी जीव मुठीत धरून राजाच्या खोलीकडे पळाली. (ती 'केक खा' म्हणाली होती याला कसलाही पुरावा नाही बरं का, तरी गेली दोनशे वर्षं बिचारीच्या नावावर खपवतायत.) बाहेर एकच ओरडा, राजा पॅरिसला चला! दुपारी राजाराणी आणि मुलगा निघाले, भोवती हजारो माणसं, सोबत पिठाच्या गाड्या, आणि बायका आरोळ्या देतायत, बेकरीवाला, बेकरीवाली आणि बेकरीवाल्याचं पोरगं घेऊन आलो! राजा परत व्हर्सायला राहायला गेलाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग पाव मिळाला का? राजा आला तरी तिजोरी रिकामीच होती ना. २१ ऑक्टोबरला, म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांनी, पाव लपवून ठेवला या संशयावरून पॅरिसच्या लोकांनी एका खऱ्याखुऱ्या बेकरीवाल्याला फासावर लटकवलं, आणि राष्ट्रसभेने त्याच दिवशी जमावावर गोळ्या घालायची परवानगी देणारा कायदा पास केला. मग पैसा आणायचा कुठून, तर चर्चच्या जमिनी ताब्यात घेऊन त्यांच्या जोरावर नोटांसारखे कागद छापले. त्या कागदांचं पुढे काय झालं ते पुढच्या भागात, आज वेळ किश्शातच गेला. नमस्कार.