स्टेशनच्या अलीकडचे सहा किलोमीटर, पलीकडचे तीन

मित्रहो, सोलापुरात राहून बाहेरगावी नोकरीला जाणाऱ्या माणसाचा दिवस गाडीच्या वेळापत्रकावर ठरतो, असे आपण सगळे धरून चालतो. जुळे सोलापूर ते कुर्डुवाडी अशी पाच वर्षे रोज ये-जा केल्यावर माझे मत बदलले आहे. रुळांवरचे सुमारे ८० किलोमीटर बसल्या जागी पार पडतात. जीव मेटाकुटीला आणतात ते घरापासून स्टेशनपर्यंतचे सहा आणि कुर्डुवाडीत उतरल्यावर टेंभुर्णी रस्त्यावरच्या आमच्या शाळेपर्यंतचे तीन किलोमीटर. रिक्षात चौथे शीट कधी मिळेल, यावर माझा पहिला तास अवलंबून असे. आता ही दोन्ही अंतरे मी घडीच्या सायकलवर कापतो.

हे दुखणे जुने आहे. १८६० साली आगगाडी सोलापूरला पोचली, पण बार्शीची मोठी बाजारपेठ रुळांपासून दूर राहिली. आजच्या कुर्डुवाडी स्टेशनाला तेव्हा ‘बार्शी रोड’ म्हणत, म्हणजे हे बार्शी नव्हे, बार्शीची वाट येथून फुटते, इतकेच ते नाव सांगत होते. अक्कलकोट रोड हे नाव आजही तेच सांगते. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअराने अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू करून ते अंतर सांधले. कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे पथ्य त्याने पाळले आणि म्हणूनच हलक्या रुळांवर भरपूर माल नेता आला. मोठ्या गाडीच्या टोकाला हलके वाहन जोडण्याची ती युक्ती मला फार मोलाची वाटते, कारण माझी घडीची सायकल एका माणसापुरते तेच काम करते.

अशा सायकली दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांनी वापरल्या होत्या. पुढे १९७५ च्या सुमारास लंडनमध्ये अँड्र्यू रिची यांनी ब्रॉम्प्टन या घडीच्या सायकलच्या पहिल्या नमुन्यावर काम सुरू केले. माझी सायकल साधी, वीस इंची चाकांची आणि बारा किलो वजनाची आहे. एवढ्याशा चाकांवर पाय किती मारावे लागत असतील, असे मला रोज कोणीतरी विचारते, म्हणून हिशेब सांगतो. आपल्या नेहमीच्या अठ्ठावीस इंची सायकलचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर जाते. चेनच्या पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ साडेपाच मीटर सरकते. माझे चाक एका फेऱ्यात दीडच मीटर जाते, पण पुढे ५२ आणि मागे १४ दाते आहेत, त्यामुळे अंतर तेवढेच पडते. फरक पडतो तो खड्ड्यांत. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरते आणि त्याचा दणका थेट मनगटात येतो, म्हणून विजापूर रोडवर मी जपून चालवतो आणि टायरमधली हवा दर आठवड्याला तपासतो. बाभळीच्या काट्यांसाठी जादा ट्यूब पिशवीत असतेच.

डब्यात सायकल नेण्याचा प्रश्न मात्र सौजन्याने सोडवावा लागतो. प्रवासी डब्यात नेता येणाऱ्या पेटीचे रेल्वेचे माप १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर आहे. घडी घातलेली वीस इंची सायकल लांबी-उंचीत सहसा त्यात बसते, जाडी मात्र तीस-पस्तीस सेंटिमीटर भरते. पहिल्या आठवड्यात चेनचे काळे वंगण एका सहप्रवाशाच्या पांढऱ्या लेंग्याला लागले आणि मला फार वाईट वाटले. घरी आल्यावर आईने जुन्या सोलापुरी चादरीची पिशवी शिवून दिली. चादरीचे जाड सूत वंगण शोषून घेते आणि पायडलचे टोक कोणाच्या गुडघ्याला टोचत नाही. तेव्हापासून ती निळी-पांढरी पिशवी दाराशेजारी उभी असते आणि रोजचे पासधारक सरकून तिला जागा करून देतात.

अडचण उरते ती जिन्याची. पादचारी पुलावर बारा किलो वजन उचलून चढणे मला जमते. माझ्या साठीच्या सहकारी बाईंना ते जमणार नाही आणि त्यांनाच या सोयीची गरज जास्त आहे. जिन्याच्या कडेला चाक सरकवता येईल अशी वीतभर रुंदीची सिमेंटची उतरती पट्टी केली, तर सायकलवालेच काय, चाकाच्या बॅगा ओढणारे सगळेच सुखावतील. ही मागणी आपण लेखी करावी, असे मी मनापासून सुचवतो.

मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा दुपारी परतताना सायकल चालवू नये. मी त्या दिवसांत कुर्डुवाडीत रिक्षाच करतो, सायकल घडी होऊन पायाशी बसते.

सायकल इथे व्यासपीठाखाली ठेवली आहे, ज्यांना हवे त्यांनी उघडून पाहावी. फ्रेमच्या मधोमध बिजागरी आहे, तिचा खटका बसल्याचा आवाज आला तरी लगेच बसू नका. एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने सीट धरून फ्रेम हलवून पाहा, सांधा जराही हलला तर खटका उघडून त्याचा स्क्रू पाव फेरा आवळा आणि पुन्हा बंद करा.