आनंदवल्लीचे राघोबादादा

नाशिकच्या गंगापूर रस्त्याने पश्चिमेकडे निघाले की गोदाकाठी आनंदवल्ली लागते. नव्या इमारतींच्या दाटीत आज येथे नजरेत भरतो तो नवश्या गणपती. नवस फेडणाऱ्यांनी बांधलेल्या लहानमोठ्या घंटा मंदिरात लोंबत असतात. पुतण्याशी पटेनासे झाल्यावर रघुनाथराव पेशवे, म्हणजेच राघोबादादा, याच गावी वाडा बांधून राहिले होते.

ज्यांच्या फौजा 1758 मध्ये लाहोर घेऊन अटकेपर्यंत पोहोचल्या, त्या दादांना पानिपतानंतर पेशवा झालेल्या सोळा वर्षांच्या पुतण्यापुढे, माधवरावांपुढे, मान तुकवावी लागली. 1762 मध्ये आळेगावला घरातले भांडण चिघळू नये म्हणून माधवराव स्वतः काकांच्या छावणीत गेले आणि कारभार काकांच्या हाती आला. पण पुढच्याच वर्षी राक्षसभुवनावर निजामाचा पराभव करताना पुतण्याचे पाणी सर्वांना दिसले. पुतण्या नादान निघाला असता, तर दादांनी त्याला बहुधा मायेने सांभाळले असते. तो आपल्याहून सरस आहे, हे मात्र त्यांना सोसवले नाही. अमृतरावांना दत्तक घेऊन त्यांनी पुन्हा फौज जमवली आणि जून 1768 मध्ये याच जिल्ह्यातल्या धोडप किल्ल्यापाशी त्यांचा पराभव झाला. किल्ल्याच्या माथ्यावरच्या कातळभिंतीला पडलेली खाच दुरूनही ओळखू येते. त्या डोंगराच्या आश्रयाला गेलेले दादा शेवटी पुतण्याच्या हाती लागले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले.

नोव्हेंबर 1772 मध्ये माधवराव थेऊरला वारले. अंतकाळी त्यांनी धाकट्या भावाला, नारायणरावांना, काकांच्या ओटीत घातले, असे सांगतात. 30 ऑगस्ट 1773 रोजी गारद्यांनी, म्हणजे पगारी शिपायांनी, शनिवारवाड्यात नारायणरावांना ठार केले, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते. मूळ बेत पकडण्याचा होता की मारण्याचा, यावर वाद आहे. पण त्या हत्येनंतर पेशवाईची वस्त्रे दादांनीच घेतली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांकडे त्यांनी प्रायश्चित्त विचारले आणि शास्त्रीबुवांनी देहान्त सांगून पुणे सोडले, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. ती खरी धरली, तर गादी न सोडता पाप फेडता येईल का, एवढेच दादांना हवे होते, असे म्हणावे लागते. मन खात होते, यात शंका वाटत नाही. पण त्या टोचणीपेक्षा हाव मोठी होती.

दादांविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, कोंडी केल्यावर त्यांनी 1775 मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली. इंग्रज आणि मराठ्यांमधल्या सालबाईच्या तहानंतर नेमणुकीवर जगत ते 1783 मध्ये कोपरगावी वारले. पत्रात ‘धरावे’चे ‘मारावे’ अशी खाडाखोड केल्याच्या कथेने खुनाचा दोष लोकांच्या तोंडी दादांच्या पत्नी आनंदीबाईंच्या माथी बसला, पण त्या कथेला सबळ पुरावा नाही. दादांना सोडवणारी ती सोयीची कथा आहे. आनंदीबाई मात्र त्या दोषासह पतीमागे आणखी दहा वर्षे जगल्या आणि 1794 मध्ये आनंदवल्लीला वारल्या.